तीनवरची चिकटपट्टी

त्याला सगळे खर्ज म्हणत. बँडमध्ये तो बेस गिटार वाजवायचा, म्हणजे जाड चार तारांची, खालच्या सुरांची गिटार, त्यावरून हे नाव पडलं होतं. त्याचा स्वतःचा आवाज मात्र इतका बारीक की फोनवर पलीकडचा माणूस त्याला हमखास 'मॅडम' म्हणायचा. तोही 'हो, बोला' म्हणून पुढचं बोलणं उरकायचा. कुणाचा काही गैरसमज झाला तर होऊ द्यावा, उगाच खोडून काढत बसू नये, असा त्याचा एकंदर स्वभाव. या स्वभावापायी त्याने उजव्या हाताचे किती हाल करून घेतले, ते ऐकलं तर तुम्हीही कपाळाला हात लावाल.

पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, आणि पायाला भिंगरी लावलेला माणूस. खुर्चीत बसला की गुडघा हलायचा, उभा राहिला की बोटं हलायची. दिवसभर तो एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काम करायचा. फ्रेममध्ये काचा बसवायच्या, वाकड्या दांड्या सरळ करायच्या, तिळाएवढे स्क्रू आवळायचे. तेवढं काम करताना तो आश्चर्यकारकरीत्या स्थिर असे. स्क्रू जागेवर गेला की पुन्हा चुळबुळ सुरू.

आणि दर शनिवारी संध्याकाळी एका क्लबच्या हॉलमध्ये त्यांचा पाच जणांचा बँड वाजायचा. बँड मुळात त्याच्या सासऱ्यांनी उभा केलेला. त्यांना घरचे-दारचे सगळे अप्पा म्हणत. अप्पा अकॉर्डियन वाजवायचे. आता वयामुळे ते थांबले होते, पण दर शनिवारी पहिल्या टेबलाशी येऊन बसायचे. कारभार त्यांच्या मुलाकडे, म्हणजे खर्जच्या मेहुण्याकडे आला होता. मेहुणा ड्रम वाजवायचा.

लोक तिथे नाचायला यायचे. शेवटचं गाणं वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. चांगलंच वेगवान, साडेचार मिनिटांचं, आणि बेसवाल्याला नाक खाजवायलाही फुरसत न देणारं. ठोक्याला दोन सूर, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखे. बोटांनी वाजवणारे वाजवोत, खर्ज पहिल्या दिवसापासून पिकने वाजवायचा. पिक म्हणजे प्लास्टिकचा छोटा तिकोनी तुकडा, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरायचा. तो तुकडा धरायचा म्हणजे केवढीशी गोष्ट. पण गेले तीन महिने त्या गाण्यात त्याच्या हाताला पेटके येत होते, आणि त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती.

मागच्या शनिवारी मात्र सगळं उघड्यावर आलं. तिसऱ्या कडव्यात अंगठा तळव्याकडे ओढला गेला, मनगट आखडलं, बोटं मिटली ती उघडेचनात. पिक पडला. खालचा सूर अचानक नाहीसा झाल्यावर नाचणाऱ्यांची पावलं चुकली, एक जोडपं दुसऱ्या जोडप्यावर आदळलं आणि कुणाची तरी टाच कुणाच्या तरी बोटांवर पडली. खर्ज गिटार गळ्यात घालून, मूठ आवळून, नुसता उभा होता.

ड्रमचे स्टँड मिटता मिटता मेहुण्याने विचारलं, "भावजी, किती दिवस चाललंय हे?"

"आजच झालं."

"मी तुमच्या मागे बसतो. मला सगळं दिसतं. दोन गाण्यांच्या मध्ये तुम्ही हात पाठीमागे नेऊन झटकता. मला वाटलं आज सांगाल, उद्या सांगाल."

खर्जने गिटारची पेटी बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली.

"पुढच्या शनिवारी शेवटचं गाणं पार पडलं तर मी काही बोलणार नाही," मेहुणा म्हणाला. "नाही पडलं तर पुढच्या महिन्यापासून तो वाद्यांच्या दुकानातला बेसवाला येईल. मला काय बरं वाटतंय का? पण क्लबचा सेक्रेटरी माझं डोकं खातोय, आणि तुमच्या हाताचं काही बरंवाईट झालं तर ताई माझं खाईल."

मेहुण्याचं काही चुकलं नव्हतं, हेच खर्जला जास्त लागलं. भांडायला निदान एक माणूस तरी मिळायला हवा होता.

मग तो आठवडा सुरू झाला. डॉक्टरने हात दाबून, फिरवून पाहिला आणि सांगितलं, विश्रांती द्या. खर्जला विश्रांती द्यायला सांगणं म्हणजे माशाला जरा कोरडं राहायला सांगण्यातला प्रकार. त्याने मलम लावलं, गरम पाण्यात हात बुडवला, मग बर्फात, मग कुठलं चांगलं ते कळेना म्हणून आलटून पालटून दोन्हीत. पातळ पिक घेतला. तो वाकायचा, म्हणून आणखी जोर लागायचा. जाड पिक घेतला. तो घामाने निसटायचा. त्याला सँडपेपर घासून खरखरीत केलं. मंगळवारी त्याने कमालच केली. पिक बोटाला रबरबँडने बांधला. पंधरा मिनिटांत बोट जांभळं पडलं आणि रबर कापायला बायकोला बोलवावं लागलं.

बायको मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. दिवसभर घाबरलेल्या माणसांशेजारी बसून बसून तिचा आवाज कायमचा शांत झाला होता. तिने कात्रीने रबर कापलं, बोट चोळलं आणि म्हणाली, "अहो, तो पिक कुठे पळून जातोय का?"

"पळून जातो म्हणून तर बांधला."

"नवे लोक स्टिअरिंग असंच धरतात. पांढरी पडतात बोटं. मी त्यांना सांगते, जरा सोडा, गाडी तुम्हाला सोडून कुठे जात नाही."

"गाडी वेगळी आणि गिटार वेगळी."

"वेगळी कशी नाही. गाडीला माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. तुमच्या गिटारीला तोही नाही."

तो चिडला, पण तिचं म्हणणं मनातून जाईना. बुधवारी सकाळी त्याने अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारं खोकं, न लावता, खाटेच्या कडेवर बसून ते गाणं वाजवून पाहिलं. पिक सैल धरला. साडेचार मिनिटं झाली, हात मऊच. पुन्हा वाजवलं. तरी मऊच. आनंदाने तो खोलीत चार फेऱ्या मारून आला, अँप लावला, बँडचं जुनं रेकॉर्डिंग मोठ्याने सुरू केलं आणि त्याच्याबरोबर वाजवायला लागला. दीड मिनिटात अंगठा ओढायला लागला. पिक सैल धर, असं तो स्वतःला बजावत होता आणि हात ऐकतच नव्हता. आपलाच हात आपलं ऐकत नाही याची त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

गुरुवारी दुकानात एका बाईच्या चष्म्याची काच तडकली. स्क्रू शेवटचा अर्धा फेरा फिरवताना अंगठ्याला कळ आली, बोटं आवळली गेली आणि कट्कन आवाज झाला. सव्वीस वर्षांत त्याच्या हातून काच तडकली नव्हती. दुकानाची मालकीण आत आली. तिने काच पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "होतं कधीकधी. दुसरी मागवते." तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तो मागच्या दाराबाहेर जाऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला, पुन्हा गेला. शनिवार गेला तर एक बँड जाणार होता. पण हात हा असाच राहिला तर पोटावरच पाय येणार होता, आणि ते बायकोला सांगायची त्याची छाती होईना.

शुक्रवारी दुपारी मुलगी आली. ती दुसऱ्या गावात नाटकांना आवाजाची व्यवस्था बघायची. मायक्रोफोन, स्पीकर, वायरींची भेंडोळी, हेच तिचं जग. आईने फोन करून तिला बोलावून घेतलं होतं, हे बापाला माहीत नव्हतं. तिने बॅग ठेवली आणि म्हणाली, "बाबा, वाजव ते गाणं."

"तू आत्ताच आलीस. हातपाय तर धू."

"वाजव तू."

त्याने रेकॉर्डिंग लावून वाजवलं. ती त्याच्या हाताकडे बघत होती, तोंडाकडे नाही. दोन मिनिटांनी तिने रेकॉर्डिंग बंद केलं.

"बाबा, तू वाजवत नाहीयेस. तू मारतोयस तिला."

"हे गाणंच तसं आहे."

"गिटार केवढी खाली लटकवलीयस ती. मनगट पार दुमडलंय. पट्टा चार बोटं आखूड कर. पण ते राहू दे, हे काय आहे?" ती अँपसमोर उकिडवी बसली. आवाज कमी-जास्त करायच्या बटणावर चिकटपट्टी होती. जुनी, पिवळी पडलेली, कडांना धूळ धरलेली. बटण तीनच्या आकड्यावर पक्कं बसवलं होतं.

"तीनच्या वर न्यायचा नाही," खर्ज म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"अप्पा."

"आजोबा? कधी म्हणाले?"

त्याने हिशेब केला. "तू सहा महिन्यांची असशील."

मुलगी बावीस वर्षांची होती. तिने बापाकडे पाहिलं, चिकटपट्टीकडे पाहिलं, आणि काही क्षण तिला हसावं की रडावं ते कळेना.

ती घटना खर्जला काल घडल्यासारखी आठवत होती. लग्न होऊन दोन वर्षं, बँडमध्ये येऊन काही महिने. नवा अँप त्याने हौसेने घेतला होता. हॉलमध्ये सगळे जण वाद्यं लावत असताना अप्पा अकॉर्डियन बाजूला ठेवून त्याच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, 'जावईबापू, तीनच्या वर जाऊ नका.' सगळ्यांदेखत बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण खर्जच्या मनाला ते फार लागलं. आपलं वाजवणं त्यांना नकोसं होतं, एवढाच अर्थ त्याने काढला. घरी येऊन त्याने बटणावर पट्टी चिकटवली. पुढे दोनदा नवी पट्टी लावली, पण बटण तिथेच. सासऱ्यांना उलट विचारायचं त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

"आणि मामाने त्यानंतर ड्रम किती वेळा बदलले?" मुलगी विचारत होती. "गिटारवाल्याचा अँप तुझ्या दुप्पट आहे. सगळ्यांचे आवाज वाढत गेले, तू आपला तीनवर. तुला स्वतःचं काही ऐकूच येत नाही, म्हणून तू जोर लावतोस. जोर लावायचा म्हणून पिक आवळतोस. आवळतोस म्हणून हात धरतो. बिनाअँपची वाजवताना दुखतो का?"

"नाही," तो म्हणाला. बुधवारचं त्याला आठवलं.

"मग काढ ती पट्टी."

"अप्पांना विचारल्याशिवाय नाही."

"मग चल विचारायला."

अप्पा मेहुण्याकडे राहायचे, दोन गल्ल्या सोडून. वाटेत खर्ज तीनदा थांबला. एकदा बूट बांधायला, एकदा घराला कुलूप लावलं का ते आठवायला, आणि तिसऱ्यांदा निमित्त सुचलं नाही म्हणून नुसताच. मुलगी प्रत्येक वेळी त्याच्या कोपराला धरून पुढे नेत होती.

अप्पा खिडकीशी बसले होते, अकॉर्डियनच्या पेटीवर पाय टेकून. मुलीने सगळं सांगितलं. खर्ज दाराशीच उभा राहून कडी खालीवर करत होता.

"मी म्हणालो? जावईबापूंना?" अप्पांनी भुवया वर केल्या. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हो हो, बरोबर. अगं, तू झोपली होतीस."

"मी?"

"तुझ्या आईची त्या दिवशी लायसन्सची परीक्षा होती, शिकवण्याचं लायसन्स. तुला टोपलीत घालून आम्ही हॉलवर आणलं. टोपली ठेवायला जागा कुठे? यांच्या अँपच्या मागे कोपरा होता, तिथे वारा लागत नव्हता. तिथे तू मस्त झोपलीस. म्हटलं, जावईबापू, तीनच्या वर जाऊ नका, पोर उठेल."

"पोर उठेल असं नाही म्हणालात," खर्ज दारातून म्हणाला.

"नसेन म्हणालो. त्यात म्हणायचं काय? टोपली तुमच्यादेखत ठेवली होती. पोर उठली की वाढवायचा आवाज."

कडी खर्जच्या हातातून सुटून खाली आपटली. तो गॅलरीत गेला. आत आला. पुन्हा गॅलरीत गेला. त्याला अप्पांचा राग आला होता, पण तो राग अप्पांपर्यंत पोचायच्या आत उलटा फिरून त्याच्यावरच येत होता. पोर उठली होती, शाळेत गेली होती, नोकरीला लागली होती, आणि हा अजून तिला झोपू देत होता. कुणाला एक शब्द विचारला असता तर काय बिघडलं असतं? गॅलरीच्या कठड्यावर त्याने हात आपटला, तो नेमका उजवाच, आणि दुखलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं. निदान दुखलं म्हणूनच आलं असं त्याने मुलीला सांगितलं.

शनिवारी हॉलवर तो सगळ्यांच्या आधी पोचला. पट्टी एका ओढीत निघाली नाही, नखाने खरवडून काढावी लागली, आणि तरी डिंकाचा डाग राहिलाच. मुलीने बटण साडेपाचवर नेलं, पट्टा आखूड केला, आणि तीन जादा पिक पट्ट्याच्या शिवणीत खोचून ठेवले.

"पडणार नाही इतपतच धरायचा," ती म्हणाली. "पडला तर पडला, दुसरा घ्यायचा. गाणं संपलं की हात खाली सोडायचा, नुसता लोंबकळू द्यायचा. झटकायचा नाही."

पहिल्याच गाण्यात खर्ज दचकला. इतक्या वर्षांत त्याने स्वतःला असं ऐकलंच नव्हतं. आणि स्वतःला ऐकायला लागल्यावर आपल्या चुकाही ऐकू येतात, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. एका जागी तो नेहमीच किंचित आधी पोचत होता. दुसऱ्या एका गाण्यात एक सूर चक्क चुकीचा होता, बहुधा पंधरा वर्षं. त्याचे कान तापले. मेहुण्याने ड्रमवरून मान उंचावून त्याच्याकडे पाहिलं, आणि ते कौतुकाने की काय, हे खर्जला कळेना. दोन गाण्यांच्या मध्ये हात लोंबकळत ठेवणं हे वाजवण्यापेक्षा कठीण होतं.

शेवटचं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात जुनी सवय परत आली. कुणी न सांगता बोटं आवळू लागली आणि कोपरापर्यंत हात गरम झाला. तिसरं कडवं जवळ आलं तसा अंगठा आत ओढायला लागला. मेहुण्याचे ठोके मागून धडधडत होते. खर्जने समोर पाहिलं. पहिल्या टेबलाशी अप्पा हातातल्या काठीवर हनुवटी टेकून थेट त्याच्याकडे बघत होते. याच माणसाला आपलं ऐकायचं नाही असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

त्याने बोटं सोडली. जरा जास्तच सोडली. पिक निसटून खाली गेला.

हात मात्र उघडा होता. त्याने अंगठ्यानेच तार ओढली, एकदा, दोनदा, आठ वेळा, आणि अँप साडेपाचवर असल्यामुळे तेवढ्याशा जोरातही सूर हॉलभर गेला. मग त्याने शिवणीतला दुसरा पिक उपसला आणि पुन्हा धावायला लागला. नाचणाऱ्यांपैकी कुणाला पत्ता लागला नाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटात अंगठा दोनदा ओढला आणि दोनदा त्याने तो सैल सोडला. गाणं मेहुण्याबरोबर, एकाच ठोक्यावर, संपलं.

त्याने हात खाली सोडला. मूठ वळली नव्हती.

"भावजी," मेहुणा मागून म्हणाला, "पुढच्या शनिवारी अर्धा तास आधी या. सगळ्यांचेच आवाज नव्याने लावून घेऊ. मीच जरा जास्त बडवतो की काय, असं आज मला वाटायला लागलंय."

एवढ्यात अप्पा काठी टेकत टेकत स्टेजच्या कडेला आले. खर्ज खाली उतरला.

"मी दर शनिवारी इथे बसतो," अप्पा म्हणाले. "आणि दर शनिवारी मला वाटायचं, या माणसाला मनापासून वाजवायचंच नाहीये. बायकोच्या माहेरचं म्हणून बिचारा येतो, उभा राहतो, जातो."

खर्जने विचारलं, "मग मला कधी बोलला का नाहीत?"

"जावयाला कसं बोलायचं?" अप्पा म्हणाले, आणि त्यांनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन घट्ट दाबला. अकॉर्डियन वाजवून वाजवून मजबूत झालेले हात होते ते; म्हातारपणीही पकड तशीच होती. खर्जच्या अंगठ्यातून कळ निघून थेट खांद्यापर्यंत गेली. नेहमीचा खर्ज असता तर दात आवळून, हसरं तोंड करून, म्हाताऱ्याने सोडेपर्यंत उभा राहिला असता.

"अप्पा," तो त्याच्या त्या बारीक आवाजात म्हणाला, "जरा हळू धरा. दुखतोय."

अप्पांनी लगेच पकड सैल केली. हात मात्र सोडला नाही.